भात आधी की मशीन

माझ्या हातून एकदा एका चालत्या छापखान्याची वाचा गेली. चोरी नाही, आग नाही, कुणाची दुष्टाई नाही. मीच, पूर्ण शुद्धीत, भरदिवसा, हसतखेळत मामाजींच्या कॉम्प्युटरमधली मराठी पुसून टाकली. तीही कशासाठी, तर तो लवकर सुरू व्हावा म्हणून. आणि पुसून झाल्यावर कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली, कारण मी स्वच्छ वळणाची मुलगी होते. आता माझी लेक लॅपटॉपचं झाकण पुरतं उघडत नाही तोच पडद्यावर चित्र येतं, आणि तेवढ्यातही ती कंटाळून जांभई देते. तिची जांभई पाहिली की मला सावली गावातली ती दुपार आठवते आणि हसू आवरत नाही. ती विचारते, "आई, काऊन हसून राह्यली?" आता एकदाचं लिहूनच ठेवते.

ऊर्जानगरच्या क्वार्टरात वाढलेल्या मुलीच्या अंगी एक खास अडाणीपणा असतो: वीज जाते, हे तिला ठाऊक नसतं. बाबा चंद्रपूरच्या वीजनिर्मितीच्या प्लँटमध्ये शिफ्टला. दिवस असो की रात्र, प्लँटची घुमघुम कानात असायचीच. पाहुणे म्हणायचे, झोप कशी येते तुम्हाला. आम्हाला उलट बाहेरगावच्या शांततेत झोप यायची नाही. दोरीवरचे कपडे आई राख झटकल्याशिवाय घडी करत नसे. पण दिवे, पंखे, नळाची मोटर, सगळं बारा महिने चालू. अशा ठिकाणी मी कॉम्प्युटरचा क्लास केला, सर्टिफिकेट मिळवलं, त्याच दिवशी ते प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं, आणि कॉम्प्युटर चालवायला ये असा आईच्या भावाचा, मामाजींचा, निरोप आला तेव्हा ते बॅगेत सगळ्यात वर ठेवून सावलीला निघाले. मूल गावापर्यंत मी एस.टी.च्या खिडकीत अशी बसले होते, जणू धानाच्या बांध्यांत उभी असलेली माणसं मलाच पाहायला उभी होती. कुणी पाहत नव्हतं. त्यांचं धान कापायला आलं होतं.

मामाजींचा छापखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, आणि हंगामात नाटकांची हँडबिलं. पूर्वी तिथे शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. मामाजींनी धीर करून ते सगळे खिळे विकले आणि चंद्रपूरहून एक वापरलेला कॉम्प्युटर, प्रिंटर आणि स्क्रीनच्या छपाईचं सामान आणलं. कॉम्प्युटरवर मजकूर करायचा, पारदर्शक कागदावर त्याची प्रत काढायची, ती जाळीच्या चौकटीवर ठेवून उन्हात तापवायची, मग जाळीतून हातानं शाई ओढायची. म्हणजे करंट लागायचा तो एका कॉम्प्युटरपुरताच, बाकी काम ऊन आणि मनगट. खिळ्यांचे लाकडी खण मात्र मामीनं विकू दिले नाहीत. ते तिनं स्वयंपाकघरात नेले आणि एकेका अक्षराच्या कप्प्यात लसूण, चिंच, वाळलेले झिंगे, लाखोळीची डाळ असं काय काय भरलं. छापखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये छातीइतकी भिंत होती. तिच्यावरून शाईचा वास तिकडे जाई, आणि वड्यांचा इकडे येई. मामीही तिच्यावरूनच बोले.

ज्यांनी पूर्व विदर्भातली आमची झाडीपट्टी पाहिली नाही त्यांना सांगते: धान घरात आलं की आमच्याकडे नाटकांचे दिवस येतात. गावात शंकरपट भरतो, दिवसा बैलजोड्या धावतात आणि अंधार पडला की मंडपात नाटक, ते कोंबडा आरवेपर्यंत. गावोगावची मंडळं, प्रत्येकाचं नाटक वेगळं, आणि एकाच रात्री जवळजवळच्या दोन गावांत नाटक असलं की ज्याचं हँडबिल बाजारात आधी आणि ठसठशीत, माणसं त्याच्याकडे. मामाजींचं वर्ष याच हंगामावर उभं असे. शेजारच्या तालुक्यातला दुसरा छापखाना टपूनच होता. मामाजी मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा हंगाम या मशीननं काढला तं छापखाना राह्यते, बाई. नाई तं खिळे बी गेले आन् गिऱ्हाईक बी." मी त्यांना सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

मग मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावले. फ्लॉपीच्या तोंडातून घर्र असा आवाज आला. मग निळं आभाळ, पांढरे ढग, ढगांखाली सरकणारी पट्टी. पट्टी सरकतच राहिली. ढग गेले की वाळूचं घड्याळ, वाळूचं घड्याळ गेलं की पुन्हा वाळूचं घड्याळ. शेवटी एकेक चित्र उमटायला लागलं आणि मी ऐटीत माउसला हात लावला, तोच करंट गेला. मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. मामी भिंतीवरून म्हणाली, "लाइन गेली वो. येईन." ती आली, अर्ध्या दुपारनं. आता मशीन चिडलेली: मागच्या वेळी मला नीट बंद केलं नाही, असं इंग्रजीत खडसावून ती स्वतःची तपासणी करत बसली, आणि तपासणी संपायच्या आत लाइन पुन्हा गेली. खाली बॅटरीचा डबा होता, तो फक्त टीं टीं करून जीव सोडायचा. जिथून अर्ध्या महाराष्ट्राला वीज जाते तिथली मी मुलगी, आणि सावलीत अंधाऱ्या पडद्यासमोर हात बांधून बसलेली. ही गंमत मला तेव्हा कळली असती तर बरं झालं असतं. मी तेव्हा रडले.

नदीकडच्या एका गावच्या मंडळाचे सेक्रेटरी देवरावभाऊ त्या दिवसांत रोज सायकलीनं येत. त्यांच्या नाटकाचं नाव 'दीर निघाला दगाबाज', आणि भाऊ स्वतः त्यात तो दीर. बाकावर बसून मशीनच्या तोंडाकडे बघत राहायचे. "बाई, हे आंघोळ करून राह्यली का आतमंदी?" असं पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशी, "हिचं मेकअप चालू आहे वाटते." मामीनं तर माप ठरवूनच टाकलं. बटण दाबलं की ती चुलीवर भात टाकायची. भाताला वाफ आली, पाणी आटलं, झाकण पडलं, तरी माझं वाळूचं घड्याळ चालूच. "सुजे, माहा भात झाला वो. तुझी मशीन उठली का?" मी दात खाऊन म्हणायची, "उठतेय." आणि देवरावभाऊ मागून, "ताट वाढून टाका मामी, थे जेवूनच उठन."

असं बोलणं ऐकून घ्यायची सवय ऊर्जानगरच्या मुलीला नव्हती. मी ठरवलं, मशीनला मामीच्या भाताआधी उठवीन. आणि इथून पुढचे दिवस, खरं सांगते, माझ्या तरुणपणातले सगळ्यात धुंद दिवस. पुढे कुणी मागणी घालायला आलं तेव्हाही काळीज इतकं उडालं नाही. कॉम्प्युटर बसवायला आलेल्या माणसाच्या खांद्यावरून मी एक शब्द पाहून ठेवला होता. तो टाकला की एक खिडकी उघडे आणि सुरू होताना मशीन कोणाकोणाला जागं करत बसते ते सगळं दिसे. केवढी वरात होती! घरात फोनची लाइन नाही, तरी फोनची वाट पाहणारा एक प्रोग्राम. गाणी वाजवणारा एक, स्पीकर नसताना. कुंडली काढणारा एक, आधीच्या मालकाचा. मी एकेकाच्या पुढची खूण काढत गेले, आणि बटण दाबून ओरडले, "मामी, भात टाक!" मशीन उठली तेव्हा मामीच्या भातातलं पाणी अजून आटायचं होतं. मी टाळ्या पिटल्या. मामाजींनी जाळी धुता धुता वर पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मग मला चटकच लागली. सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळ्या पडद्याची एक गुप्त खोली उघडते, हे मला क्लासमध्ये सांगितलं होतं आणि तिथे जाऊ नका असंही सांगितलं होतं. मी गेले. फ्लॉपीचं ते घर्र करणं बंद केलं. चिडून तपासणी करायची सवयही एके ठिकाणी खूण काढून मोडली. आता शर्यत भाताशी नाही, भाताच्या पहिल्या उकळीशी होती. मामीही इरेला पेटली. फुंकणी घेऊन चुलीत अशी फुंकायची की डोळे लाल. मी म्हणायची, ही लबाडी आहे. ती म्हणायची, "तू मशीनचे कपडे काढून राह्यली थे लबाडी नाई का?" देवरावभाऊ पंच. एकदा उकळी आणि चित्रं एकदमच आली, तेव्हा भाऊंनी नाटकातल्या आवाजात निकाल दिला, "बरोबरीत! दोघींयले बी वडे!" लाखोळीचे गरम वडे, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि शाईनं काळी झालेली माझी बोटं. तसे वडे मी नंतर कितीतरी केले. तसे होत नाहीत.

याच मस्तीत देवरावभाऊंचं हँडबिल करून झालं. नाटकाचं नाव, नटांची नावं, तिकिटाची जागा, सगळं ठाकठीक. करंट आला की फक्त प्रत काढायची, छापायची, आणि आठवडी बाजारात वाटायची. त्याच रात्री पलीकडच्या गावातही नाटक होतं आणि त्यांची हँडबिलं दुसरीकडून छापून आलीसुद्धा होती. मामाजी म्हणाले, लाइन आल्या आल्या पहिली ही प्रत काढ. लाइन आली. पण मला काय सुचलं म्हणता? मला सुचलं, आज चहाच्या आधी उठवून दाखवू.

मशीनमध्ये मराठी अक्षरांचे फाँट भरलेले होते, विकणाऱ्यानं उदार हातानं ढिगानं टाकलेले. सुरू होताना मशीन ते सगळे मोजते आणि म्हणून रखडते, एवढं मला बरोबर कळलं होतं. माझ्या अर्ध्या ज्ञानातलं हेच अर्धं बरोबर. मी तो ढीग उघडला. काही फाँटांना मुलींची, फुलांची गोड नावं होती, काहींना नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि आकड्यांचे क्रमांक. क्रमांकवाले रुक्ष वाटले. ज्याला धड नाव नाही तो काय कामाचा, असं म्हणून मी ते सगळे निवडले आणि उडवले. मग टोपली रिकामी. मशीन बंद केली, मामीला हाक दिली, "चहा टाक!" आणि बटण दाबलं. काय सांगू! आकडे, ढग, चित्रं, झपकन! आधण अजून गप्प बसलेलं. मी खुर्चीवर उभी राहिले. मामी पदर तोंडाला लावून हसत होती, देवरावभाऊंनी शिटी मारली, मामाजीसुद्धा ओले हात घेऊन पाहायला आले. "दाखव आता आमचा दीर," भाऊ म्हणाले. मी ऐटीत फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, उलटी टोपी घातलेली अक्षरं, प्रश्नचिन्हं, टिंबं. वरपासून खालपर्यंत. दगाबाज दीर कुठेच नव्हता. देवरावभाऊंनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "बाप्पा, इंग्रजीत करा लागते का आता नाटक?" मी दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. तेच. छापखान्यातलं जवळजवळ सगळं काम त्या एका क्रमांकवाल्या फाँटमध्ये केलेलं होतं आणि त्याला मी टोपलीच्याही पलीकडे पोचवलं होतं. मी म्हणाले, "व्हायरस आला असेल." मामी भिंतीवरून म्हणाली, "व्हायरसले हात असतेत का वो? मघा तं तूच टिचक टिचक करून राह्यली होती." मामाजी चौकातल्या बूथवर जाऊन चंद्रपूरच्या विक्रेत्याला फोन करून आले. तो गावाला गेला होता, फाँटची सीडी त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. मामाजी स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि लसूण-चिंचांनी भरलेल्या त्या खणांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. त्या मिनिटाला माझ्या बॅगेतलं सर्टिफिकेट मला चुलीत घालावंसं वाटलं.

पण रडायला वेळ नव्हता, कारण लाइन होती आणि ती किती वेळ राहील ते कुणाच्या हातात नव्हतं. मी भराभरा एकेक फाइल उघडत गेले. एकच नीट दिसली: एक लग्नपत्रिका. ती गोड नावाच्या, वेलबुट्टीच्या फाँटमध्ये केलेली होती. त्या फाँटचा की-बोर्ड मला येत नव्हता. एक बटण दाबलं की भलतंच अक्षर. मग डोक्यात वीज चमकली. टाइप कशाला करू? पत्रिकेचीच एक नक्कल करून तिच्याच चौकटीत तिचीच अक्षरं उचलून लावू! "मामी, इकडे ये. भाऊंचा कागद घे आणि एकेक शब्द सांग." मामी हात पुसत भिंतीला वळसा घालून आली. "दीर," ती म्हणाली. 'दिनांक'मधून द, 'श्री'मधली वेलांटी, 'परिवार'मधून र. "दगाबाज." 'आगमन'मधून ग, वराच्या बापाच्या, बाबूरावांच्या नावातून बा. "ज?" मामी म्हणाली, "ज कुठून आणतं?" देवरावभाऊ मागून ओरडले, "वाजता! सकाळी इतके वाजता, त्यात आहे ना ज!" मिळाला! तिघेही पडद्यावर नाक लावून एका लग्नपत्रिकेतून दगाबाजीचं नाटक वेचत होतो. आणि मध्ये लाइन गेली.

श्वास रोखून बसलो. आली. बटण. झपकन मशीन उठली, आणि जिथे सोडलं होतं तिथून आम्ही पुढे. पुन्हा गेली, पुन्हा आली. त्या दुपारी लाइन डोळे मिचकावल्यासारखी येत-जात होती, आणि भात शिजेपर्यंत आळस देणारी ती जुनी मशीन असती तर आम्ही एक शब्दही लावू शकलो नसतो. एकेक शब्द झाला की जतन करायचा, पुढचा घ्यायचा. भाऊ टेबलावर ताल धरून ओरडत, "चल वो बाई, चल, चल!" शंकरपटातल्या बैलांना हाकावं तसं. शेवटचा शब्द लागला आणि वरचा बल्ब पिवळा पडायला लागला. मी प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटरनं कण्हत कण्हत कागद बाहेर ढकलला आणि सगळं घर काळं झालं. मामाजींनी कागद उचलला, उन्हाकडे गेले. जाळी तापली, धुतली, शाई ओढली. हे सगळं माझ्याकडे पाठ करून.

पहिला गठ्ठा वाळला तेव्हा देवरावभाऊंनी एक उचलून मोठ्यानं वाचायला घेतलं. कडेनं वेल, कोपऱ्यांत पोपट, मध्ये वळणावळणाच्या लाडिक अक्षरांत 'दीर निघाला दगाबाज', नटांची नावं, आणि मग ते थांबले. पत्रिकेचा शेवट पुसायचा राहून गेला होता. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत: 'आमच्या ताईच्या लग्नाला सहकुटुंब यायचं हं! – पिंकी आणि चिंटू'. पुन्हा जाळी करायला वेळ नव्हता, सगळी छपाई त्याच जाळीवर चालू होती. मी म्हणाले, कात्रीनं कापते. भाऊंनी सूर्याकडे पाहिलं, बाजाराच्या दिशेला पाहिलं, गठ्ठा सायकलला बांधला. "राहू द्या. दिराचं लगन समजतीन लोकं," म्हणाले आणि गेले.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही कानांत प्राण आणून बसलो होतो. मामाजी जाळी पुसत होते, जी आधीच पुसलेली होती. सायकलची घंटी ऐकू आली ती दुरूनच, सारखी वाजत. देवरावभाऊंच्या तोंडावरचा रंगसुद्धा पुरता उतरलेला नव्हता. "मामाजी!" ते दारातूनच ओरडले. "मंडप नाई पुरला!" बाजारातलं हँडबिल माणसं एरवी भज्यांना गुंडाळतात. पण लग्नपत्रिका? ती आमच्याकडे कुणी फेकत नाही. घडी करून खिशात गेली, घरी गेली, छपराच्या वाशात खोचली गेली, आणि पत्रिका घरात आली की त्या घरातून कुणीतरी जायलाच पाहिजे. ज्यांना वाचता येत होतं ते हसत आले, ज्यांना येत नव्हतं ते पोरंबाळं घेऊन आले. "दोन म्हाताऱ्या तं आहेराचं पातेलं घेऊन आल्या होत्या. मले विचारून राह्यल्या, नवरी कुठी आहे?"

"मंग?" मामी म्हणाली.

"मंग का! समोर बसवलं. दुसऱ्या अंकात लगन होतेच ना. त्याइनं स्टेजवर येऊन पातेलं देल्लं. माह्यावर तं एकीनं चप्पल बी उगारली, दगाबाज म्हणून. असं नाटक झालं मामाजी, असं झालं!" आणि मग ते जरा बाजूला झाले. त्यांच्या मागे आणखी दोन मंडळांची माणसं उभी होती. त्यांनाही हँडबिलं हवी होती, याच अक्षरांत, पोपटांसकट, आणि तळाशी ते 'यायचं हं' पाहिजेच. मामाजींनी त्यांना बाकावर बसवलं, मामीला चहा टाकायला सांगितलं, आणि मग त्या दुपारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे वळले. मी मान खाली घालून उभी होते. त्यांनी माझ्या डोक्यावर शाईचा हात ठेवला आणि म्हणाले:

"सुजे, थे मशीन भात शिजेपर्यंत उठत नव्हती तेच बरं होतं वो. तवा तुले काई बिघडवाले टाइमच नव्हता भेटत."